मायनॉरिटीचा फॉर्म भरायच्या आधी टीसी काढा

जळगाव जिल्ह्यातल्या एका सीनियर कॉलेजात मी शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. प्रवेश सुरू झाले की खिडकीवर एकच प्रश्न येत राहतो, "मॅडम, मायनॉरिटीचा फॉर्म सुटला का?" माझं उत्तर ठरलेलं आहे, "आधी टीसी दाखव." पोरं वैतागतात. शिष्यवृत्तीचा आणि टीसीचा काय संबंध, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. पण माझ्या अनुभवात अल्पसंख्याक विद्यार्थ्यांचे पैसे बुडतात ते फॉर्म चुकल्यामुळे कमी आणि चुकीची योजना निवडल्यामुळे जास्त. एका वर्षात फीची एकच सरकारी शिष्यवृत्ती मिळते. ती कुठल्या नावाखाली घ्यायची हे आधी ठरवा, मग लॉगिन करा.

धर्माने अल्पसंख्याक कोण, ते आधी बघू. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. महाराष्ट्रात २०१६ पासून ज्यू समाजही. गुजराती, सिंधी किंवा हिंदी भाषकांना भाषिक अल्पसंख्याक म्हणून त्या त्या संस्थांत प्रवेशाचा कोटा असतो. तो प्रवेशापुरता. ही शिष्यवृत्ती धर्मावर आहे, भाषेवर नाही. दरवर्षी दोन-तीन पालक या मुद्द्यावर माझ्याशी वाद घालतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

तुमची योजना कुठली?

टीसीवर धर्म आणि जात दोन्ही लिहिलेलं असतं. त्या ओळीवरून पुढचं सगळं ठरतं.

बौद्ध मुलांनी बहुतेक वेळा अल्पसंख्याकच्या वाटेला जाऊच नये. अनुसूचित जातीच्या यादीचा लाभ बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्रातही मिळाला, आपल्या राज्यात तर त्याच्याही आधीपासून आहे. जातीचा दाखला असेल आणि घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर समाजकल्याणची भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती घ्या. फी माफ होते, वर निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप आहे, म्हणजे भत्ता नाही पण फी माफ. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. हे सगळं सोडून "मी मायनॉरिटी" म्हणून अर्ज करणारा मुलगा हातातलं टाकून देतो. ज्यांच्याकडे जातीचा दाखला नाही, किंवा मूळ जात अनुसूचित यादीत नाही, त्या बौद्धांसाठी अल्पसंख्याक योजना खरी कामाची.

आमच्याकडे यावल, रावेर, चोपड्याकडची तडवी मुलं असतात. धर्माने मुस्लिम, पण अनुसूचित जमातीत. जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. त्यांनी आदिवासी विकास विभागाची शिष्यवृत्ती घ्यावी आणि खोली करून राहत असतील तर स्वयंम योजनेची चौकशी करावी. एक मुलगा बारावीपर्यंत मायनॉरिटीच भरत आला होता, कारण मोहल्ल्यातली सगळी पोरं तेच भरायची. त्याच्या वडिलांच्या टीसीवर ठळक अक्षरात "तडवी भिल्ल" होतं. घरात कुणी तो कागद उघडून बघितला नव्हता.

मग ओबीसी. तांबोळी, पिंजारी, बागवान, मोमीन, अत्तार, मण्यार हे सगळे महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातीत. अनुसूचित जातीतून ख्रिश्चन झालेली कुटुंबंही ओबीसीत येतात. म्हणजे या मुलांपुढे दोन पर्याय असतात आणि इथेच हिशेब करावा लागतो.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती म्हणजे ५० हजार किंवा प्रत्यक्ष शिक्षण शुल्क, जे कमी असेल ते. उत्पन्न मर्यादा ८ लाख. ओबीसी मुलाला व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्काच्या ५० टक्के मिळतात. नॉन-क्रिमीलेअर लागतं. आता कागदावर मांडा. शिक्षण शुल्क ७० हजार असेल तर ओबीसीतून ३५ हजार येतील, अल्पसंख्याकमधून ५० हजार. शुल्क १ लाख ४० हजार असेल तर ओबीसीतून ७० हजार आणि अल्पसंख्याकमधून तेच ५०. लाखाच्या खाली अल्पसंख्याक, लाखाच्या वर ओबीसी. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला शिक्षण शुल्क पूर्ण मिळतं, तिथे तुलनेचा प्रश्नच नाही.

मुलींचं गणित वेगळं आहे. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून हवा. म्हणजे पिंजारी घरातली मुलगी इंजिनिअरिंगला आहे आणि ती ५० हजारांच्या मागे धावते आहे, तर तिला कुणीतरी थांबवायला पाहिजे. दाखला काढायला महिना गेला तरी चालेल, ओबीसीतच भरा.

शेख, सय्यद, पठाण, खान अशी ओपनमधली मुलं, जैन मुलं आणि ओबीसीत न येणारे ख्रिश्चन यांच्यासाठी अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या जोडीला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. त्यातही मुलांना निम्मं शुल्क मिळतं, तेव्हा वरचाच हिशेब लागू. ईडब्ल्यूएसला धर्माची अट नाही हे मला अजून रोज सांगावं लागतं. मुस्लिम आणि जैन घरातही ईडब्ल्यूएसचा दाखला निघतो.

एक सावधगिरी. अल्पसंख्याक योजनेत ठरावीक संख्येलाच गुणवत्तेनुसार निवडतात. शाहू महाराज किंवा ओबीसी योजनेत पात्र असलात की मिळतं. फरक चार-पाच हजारांचाच असेल आणि मार्क बेताचे असतील तर मी मुलांना खात्रीची योजना घ्यायला सांगते. यावर माझ्या सहकाऱ्यांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात मोठी रक्कम सोडायची नाही. पण एप्रिलमध्ये "निवड झाली नाही" वाचून बाहेर पडणाऱ्या पोराला पुन्हा दुसरा फॉर्म भरता येत नाही, तोवर मुदत संपलेली असते.

बीए, बीएस्सी, बीकॉम करणाऱ्यांसाठी

अनुदानित कॉलेजात फीच थोडी, त्यामुळे राज्याची अल्पसंख्याक रक्कमही थोडी. इथे केंद्राची पीएम-यूएसपी शिष्यवृत्ती बघा. बारावीला आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत वरच्या २० टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पदवीची तीन वर्षं वर्षाला १२ हजार मिळतात, पदव्युत्तरला २० हजार. धर्म कुठलाही चालतो, निम्म्या जागा मुलींना आहेत. ही एनएसपीवर, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायची. उर्दू माध्यमातल्या मुली बारावीला किती चांगले मार्क आणतात हे मी बघते, आणि यातल्या फार थोड्या हा फॉर्म भरतात, कारण त्याच्या नावात "मायनॉरिटी" नाही.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, अथवा थेट दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलींना एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्तीही आहे. वर्षाला ५० हजार, उत्पन्न मर्यादा ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

केंद्राच्या अल्पसंख्याक योजनांचं काय?

मोठ्या भावाने "पोस्ट मॅट्रिक" आणि "मेरिट कम मीन्स" घेतलेली असते, त्यामुळे धाकटे तीच शोधत येतात. पहिलीत दोन लाखांची मर्यादा, दुसरीत अडीच लाखांची, असं पाठ असतं पोरांना. माझा सल्ला एवढाच, एनएसपीवर त्या वर्षीच्या चालू योजनांच्या यादीत नाव दिसलं तरच ती धरा. पीएचडीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत देणारी पढो परदेसही बंद झाली. जुने व्हिडिओ मात्र यूट्यूबवर तसेच पडून आहेत आणि त्यांच्या खाली अजून "लिंक पाठवा" चालू असतं.

२०२३ मध्ये केंद्राच्या तपासणीत १,५७२ संस्थांपैकी ८३० बोगस निघाल्या, १४४ कोटींहून जास्त रक्कम गेल्याचं पुढे आलं आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. त्याचा भुर्दंड खऱ्या मुलांना बसतो. आता एनएसपीवर एकदाच करायची ओटीआर नोंदणी आणि आधारवरून चेहऱ्याची पडताळणी लागते. बुरखा किंवा हिजाब घालणाऱ्या मुलींना मी आधीच सांगून ठेवते, चेहरा पूर्ण उघडा, उजेड समोरून, मागे मोकळी भिंत. घरी बहिणीकडून मोबाईल धरून घ्या. सायबर कॅफेत अनोळखी माणसासमोर करायची गरज नाही.

कागद

पोर्टल सुटायची वाट बघत बसू नका. कागद एप्रिल-मेमध्येच निघतात, जुलैत तहसीलमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो, तलाठ्याचा चालत नाही. शक्य असेल तर तीन वर्षांचा घ्या, पदवीचं बरंच काम त्यात भागतं. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून एप्रिल लागल्यावर काढलेला दाखला बरा. लोकसेवा हक्क कायद्यात या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. पावती जपून ठेवली तर अपील करता येतं. फॉर्ममध्ये उत्पन्न टाकताना दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा टाका. ८४,००० असेल तर ८४,०००, "अंदाजे ८५" नाही.

डोमिसाईल, दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, रेशन कार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती आणि मधे खंड पडला असेल तर गॅपचं प्रमाणपत्र. धर्मासाठी स्वयंघोषणापत्र पुरतं, पण त्यातला धर्म आणि टीसीवरचा धर्म जुळला पाहिजे. जैन मुलांची इथे हमखास अडचण होते. टीसीवर "हिंदू-जैन" किंवा नुसतं "हिंदू-वाणी" लिहिलेलं असतं. शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या, शाळा सुटल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीचं लांबलचक प्रकरण होतं.

ओबीसीचा दाखला नवीन काढायचा असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा शोधा. आजोबांचा शाळेचा दाखला, चुलत आजोबांचा चालेल, जन्म-मृत्यू नोंद, जुनं खरेदीखत. उर्दू शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये जात उर्दूत लिहिलेली असते. त्याचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासह मराठीत घ्या, नाहीतर तहसीलचा माणूस परत पाठवतो.

नावांचा घोळ

सगळ्यात जास्त फॉर्म इथे अडकतात, म्हणून जरा थांबून बघा. एका मुलीचे कागद माझ्यासमोर होते. टीसीवर "शेख आयेशाबी शेख करीम". बारावीच्या मार्कशीटवर इंग्रजीत "एस-एच-ए-आय-के-एच" अशा स्पेलिंगचं शेख, आधारवर "एस-एच-ई-आय-के-एच". आधारवर "बी" गायब, बँकेत वडिलांचं नाव "अब्दुल करीम". माणूस एकच, संगणकाला चार जणी दिसतात.

नियम सोपा ठेवा. दहावीची मार्कशीट हा पाया धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, उलटं करू नका. मार्कशीट बदलायला बोर्डाकडे जावं लागतं, आधार जवळच्या केंद्रात होतं. आधार दुरुस्त झालं की बँकेत केवायसी नव्याने द्या, हे दुसरं काम निम्मे लोक विसरतात. मुलीचं लग्न झालं असेल तर शिक्षण संपेपर्यंत आधारवर माहेरचंच नाव राहू द्या. सासरच्यांना हे सांगायला अवघड जातं, मला माहीत आहे. पण नाव मधेच बदललं की जुनी सगळी कागदपत्रं तिच्याविरुद्ध साक्ष देतात.

बँक खातं

पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारवर येतात. ज्या बँकेत आधार शेवटचं सीड झालं तिथे जातात. "मॅडम, माझं आधार लिंक आहे" असं प्रत्येक जण म्हणतो, पण बँकेने केवायसीला आधार घेणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत म्हणून, सीड करणं वेगळं. माय-आधारच्या साईटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, तिथे बँकेचं नाव आणि "ॲक्टिव्ह" दिसलं पाहिजे.

आईने कधीकाळी शाळेच्या गणवेशाच्या पैशासाठी उघडलेलं अज्ञान खातं असेल तर ते १८ पूर्ण झाल्यावर बदलून घ्या. अपुऱ्या कागदांवर उघडलेलं स्मॉल अकाउंट असेल तर त्यात ५० हजारांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही, नियमात सरकारी लाभाच्या रकमेला यातून सूट आहे, तरी बँकेत आधीच विचारून घ्या. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. शंभर रुपये टाका, पन्नास काढा, खातं जागं ठेवा.

फॉर्म भरताना आणि भरल्यावर

राज्याच्या योजना महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर. मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातो. पुढच्या वर्षी तो दुकान बंद करून सुरतला गेलेला असतो आणि मुलगा माझ्या खिडकीवर रडवेला उभा. युजरनेम-पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, मोबाईल फुटतो, वही फुटत नाही.

प्रोफाईल पूर्ण भरल्याशिवाय पात्र योजनांची यादी दिसत नाही. यादीत हवी ती योजना नसेल तर प्रोफाईलमध्येच काहीतरी बिनसलेलं असतं. प्रवर्ग, उत्पन्न किंवा प्रवेशाचा प्रकार, तिघांपैकी एक. "कॅप राऊंड"च्या जागी "मॅनेजमेंट कोटा" निवडला गेला की सगळी फीची शिष्यवृत्ती हातातून जाते. खरोखरच संस्थास्तरावर, डोनेशन देऊन प्रवेश घेतला असेल तर मात्र इथे काही मिळणार नाही, पोर्टलला फसवायला जाऊ नका.

सबमिट झालं की फॉर्म आधी आमच्याकडे येतो. प्रिंट आणि झेरॉक्स त्याच आठवड्यात आणून द्या. कॉलेजचा लिपिक तुम्हाला ओळखत असेल तर तुमचं काम लवकर होतं, हे लिहू नये पण खरं आहे. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्टेटस बघा. "सेंड बॅक" दिसलं तर शेरा वाचा, तेवढंच दुरुस्त करा आणि पुन्हा पाठवा. त्याला मुदत असते आणि त्याचा मेसेज दरवेळी येतोच असं नाही.

पैसे हप्त्यांत येतात, आणि उशिरा येतात. कॉलेजने तोवर पूर्ण फीसाठी तगादा लावला तर अर्जाची पोचपावती जोडून प्राचार्यांच्या नावे हप्त्यांची लेखी विनंती द्या आणि आवक नंबर घ्या. तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो.

सरकारबाहेरचे पैसे

ट्रस्टच्या मदतीला बहुधा "एकच शिष्यवृत्ती" ही अट आड येत नाही, तरी फॉर्मवरची अट वाचा. जैन मुलांनी महावीर जैन विद्यालयाची वसतिगृहं आणि मदत बघावी, पारशी मुलांनी बॉम्बे पारसी पंचायत. मुस्लिम मुलांसाठी गावोगावच्या जमात समित्या आणि ट्रस्ट जकातीतून फी भरतात. त्यांचा बहुतेक निधी रमजानमध्ये जमतो आणि वाटलाही जातो, तेव्हा अर्ज रमजानच्या आधी पोचला पाहिजे, कॉलेज सुरू झाल्यावर नाही. अर्जाबरोबर कॉलेजच्या लेटरहेडवरचं फीचं विवरण जोडा आणि चेक कॉलेजच्या नावे मागा. ट्रस्टवाल्यांना त्यात खात्री वाटते, पुढच्या वर्षी तेच बोलावून देतात.

आणि शेवटी कर्ज. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज ३ टक्के व्याजाने मिळतं. जिल्हा कार्यालयात अर्ज, जामीनदार लागतो. जामीनदाराचा शोध फॉर्म आणायच्या आधी सुरू करा, कारण नोकरीवाले नातेवाईक सही म्हटलं की फोन उचलत नाहीत.